उभ्या तारा, आडव्या तारा
(आमच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की शाळेच्या आठवणी चहाच्या वेळी सांगायच्या, इथे आपल्याला जे काम येतं त्यावर बोलायचं. सकाळपासून तीन-चार जणांनी मला विचारलं, "तू काय करस रे भो?" मी सुरतेला पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. पंचवीस वर्षं झाली. एवढं सांगितलं की समोरचा "बरं, बरं" म्हणतो आणि विषय संपतो. म्हणून आज पॉलिएस्टरच्या एका वेगळ्या उपयोगावर बोलतो. टेनिसच्या रॅकेटच्या तारा.

मी बारा वर्षांपासून संध्याकाळी टेनिस खेळतो. चांगला खेळतो असं कुणी म्हणणार नाही. पण गेली आठ वर्षं मी घरी एका जुन्या हातमशीनवर रॅकेटला तारा ओवतो, माझ्या आणि ओळखीच्या खेळाडूंच्याही. त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'हायब्रिड' गटिंगवर, म्हणजे एकाच रॅकेटमध्ये उभ्या तारा एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या जातीच्या. आपल्यातल्या कित्येकांची मुलं आता बॅडमिंटन-टेनिसच्या क्लासला जातात आणि काही जण स्वतः पन्नाशीत रॅकेट हातात घेत आहेत. त्यांच्या कोपराचा या विषयाशी थेट संबंध आहे, म्हणून ऐका.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे पोरगं दुकानात जातं आणि म्हणतं, "गटिंग करून द्या." गट म्हणजे आतडं. टेनिसच्या तारा सुरुवातीला खरोखरच जनावरांच्या आतड्यापासून करत. फ्रान्समधल्या लियाँ शहरात बाबोला ही कंपनी १८७५ पासून हे काम करते आहे, म्हणजे विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ला झाली त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. आज नॅचरल गट गायीच्या आतड्याच्या बाहेरच्या पातळ आवरणापासून बनते. आपल्याला हे नवल वाटायला नको. खानदेश कापसाचा मुलूख. गल्लीत गादीवाला पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीला जी तात असायची तीही आतड्याचीच. लाकडी ठोकळ्याचा फटका बसला की ती थरथरायची आणि कापूस उडायचा. इतके फटके खाऊनही ती ढिली पडत नसे. टेनिसवाल्यांना नेमका हाच गुण हवा होता. ताण धरून ठेवायचा, ताणलं जायचं आणि लगेच मूळ जागी यायचं.

पुढे नायलॉन आलं. ते स्वस्त आणि पाण्याला न घाबरणारं. त्याला दुकानदार 'सिंथेटिक गट' म्हणतात. त्याच नायलॉनचे हजारो बारीक तंतू एकत्र चिकटवून 'मल्टिफिलामेंट' करतात, ती तार आतड्याच्या जवळ जाणारी, मऊ. आणि मग आमचं पॉलिएस्टर. १९९७ च्या फ्रेंच ओपनला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन जागतिक क्रमवारीत ६६ वा होता. त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. तो स्पर्धा जिंकला, आणि काही वर्षांत सगळा व्यावसायिक टेनिस पॉलिएस्टरकडे वळला.

याचं कारण समजायला रॅकेटमध्ये काय घडतं ते पाहू. तुम्ही खाट विणताना पाहिली आहे. उभ्या दोऱ्या, आडव्या दोऱ्या, एक वरून एक खालून. रॅकेटही तशीच. बहुतेक रॅकेटमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा असतात. आमच्या भाषेत मेन आणि क्रॉस. उभ्या तारा लांब असतात, चेंडूचा जास्त भार त्या घेतात. चेंडूला खालून वर घासत मारलं की उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटकन परत येतात. येता येता त्या चेंडूला आणखी फिरवतात. हा सगळा खेळ सुमारे पाच मिलिसेकंदांचा. आता तार खरखरीत असेल तर ती सरकते पण अडकून राहते. तुम्ही पाहिलं असेल, खेळाडू दोन गुणांच्या मधे बोटांनी तारा सरळ करत असतात. पॉलिएस्टर गुळगुळीत आणि ताठ असतं, ते आपोआप परत येतं. म्हणून चेंडूला फिरकी जास्त. त्यामुळे जोरात मारलेला चेंडूही कोर्टाच्या आत पडतो.

तारा सरकण्याचं बळ किती, याची एक गंमतीदार साक्ष इतिहासात आहे. १९७७ मध्ये 'स्पॅगेटी' नावाची रॅकेट गाजली. तिच्यात उभ्या तारा आडव्यांत विणलेल्या नव्हत्या. दोन थरांत नुसत्या मोकळ्या सोडलेल्या, त्यांच्यावर प्लास्टिकच्या नळ्या. चेंडू असा काही फिरायचा की समोरच्याला उडी कुठे घेईल ते कळेना. अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास तेव्हा मातीच्या कोर्टावर सलग ५३ सामने जिंकलेला होता. इली नस्तासे ही रॅकेट घेऊन उतरला आणि विलासने दोन सेट गमावल्यावर वैतागून सामना सोडला. मालिका तिथे तुटली. लगेच या रॅकेटवर बंदी आली आणि १९७८ मध्ये रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या नियमात प्रथमच लिहिली गेली. तारा एकसारख्या अंतराने, एकमेकींत वरखाली ओवलेल्या किंवा छेदाच्या जागी जोडलेल्या असल्या पाहिजेत. मात्र सगळ्या तारा एकाच पदार्थाच्या हव्यात असं त्या नियमात कुठेही नाही. हायब्रिड गटिंगला जागा मिळते ती तिथे.

म्हणजे हायब्रिड रॅकेट ही आपल्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनसारखी. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि गाडी मात्र एकच. हसू नका, नवापूरकर इथे बसले आहेत.

मोठ्या खेळाडूंत याचे दोन्ही प्रकार सापडतात. रॉजर फेडररच्या उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या असायच्या. नोव्हाक जोकोविचचंही तसंच. अँडी मरेचं उलट, उभ्या पॉलिएस्टर आणि आडव्या गट. राफेल नदाल मात्र पूर्ण पॉलिएस्टरवाला. तिघे-चौघेही जगज्जेते, आणि तारा तीन तऱ्हेच्या. यावरूनच लक्षात येईल की 'सगळ्यात चांगली तार कोणती' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कुणाच्या हाताला, कुठल्या फटक्याला, किती दिवसांसाठी, असं विचारावं लागतं.

मी हे माझ्या हातावर तपासायचं ठरवलं. आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. प्रयोगवहीत त्यांनी आपल्याकडून लिहून घेतलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. सर, ती शिस्त मी कारखान्यात वापरतो आणि इथेही तीच वापरली. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घेतल्या. मशीन तेच, ओवणारा मीच. पहिल्या फेरीत उभ्या-आडव्या सगळ्यांना एकच ताण, ५२ पौंड. प्रत्येक जोडी सहा आठवडे किंवा तुटेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. दर खेळानंतर वहीत तीन नोंदी: कोपर-मनगट कसं आहे, चेंडू आत पडतो की बाहेर जातो, आणि तारांचा आवाज. आवाज अशासाठी की तारेवर टिचकी मारली की जो सूर निघतो त्यावरून ताण किती उरला ते मोबाइलवरचं ॲप सांगतं.

सुरुवात पूर्ण पॉलिएस्टरने केली. पहिले काही दिवस झकास. पण ॲपवरचा आकडा पहिल्या रात्रीतच खाली आला आणि पुढेही उतरत राहिला. हे मला कारखान्यामुळे ओळखीचं होतं. पॉलिएस्टरवर सतत भार ठेवला की त्यातल्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू एकमेकींवरून घसरतात आणि धागा कायमचा लांबतो. तार तुटत नाही, दिसायला नवी दिसते, पण तिच्यात उसळी राहत नाही. आम्ही म्हणतो, तार मेली. महिन्याभराने चेंडू मारायला जास्त जोर लावावा लागत होता, आणि वहीत कोपराच्या रकान्यात 'जड' हा शब्द वरचेवर यायला लागला.

मग पूर्ण सिंथेटिक गट. हाताला आराम, पण उभ्या तारा सरकून तिथेच बसायच्या, फिरकी कमी.

तिसरी जोडी उभ्या पॉलिएस्टर, आडव्या नायलॉन. मला वाटलं होतं रॅकेट निम्मी मऊ होईल. झाली थोडीशीच. भार उभ्या तारांवर असतो, त्यामुळे रॅकेटचा स्वभाव त्यांच्यावरच ठरतो. आडव्या तारा तो स्वभाव थोडा इकडे-तिकडे करतात, एवढंच.

चौथी जोडी उलटी. उभ्या नायलॉन, आडव्या पॉलिएस्टर. इथे मजा आली. आडव्या तारा गुळगुळीत असल्यामुळे उभं नायलॉनसुद्धा त्यांच्यावरून सरकून परत यायला लागलं. फिरकी पूर्ण पॉलिएस्टरइतकी नाही, पण आधीपेक्षा बरीच. हाताला मऊ. तोटा असा की ताठ आडवी तार मऊ उभ्या तारेला करवतीसारखी कापते. पाचव्या आठवड्यात तुटली.

पाचवी जोडी उभ्या मल्टिफिलामेंट, आडव्या गोल आणि गुळगुळीत पॉलिएस्टर. गोल मुद्दाम, कारण हल्ली पाच-सहा कडांच्या पॉलिएस्टर तारा मिळतात आणि त्या मऊ तारेला फार लवकर कापतात. दुसऱ्या फेरीत आडव्यांचा ताण तीन पौंडांनी कमी केला, कारण पॉलिएस्टर मुळातच ताठ. आज माझ्या रॅकेटमध्ये हीच जोडी आहे.

सहावी जोडी, उभ्या नॅचरल गट आणि आडव्या पॉलिएस्टर, मी एकदाच लावली. खर्चच तसा. सहा आठवड्यांत ॲपवरचा आकडा जेमतेम हलला. पिंजाऱ्याची तात आठवली. पण जुलैची सुरतेची हवा लागली आणि तारेचे तंतू सुटायला लागले. आतड्याला ओल सोसत नाही. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणांना गायीच्या आतड्याची वस्तू हातात धरणं रुचणार नाही, हेही मला समजतं. त्यांनी मल्टिफिलामेंट घ्यावी. दुकानात विचारून घ्यावं, कारण पाकिटावर 'गट' शब्द नायलॉनच्याही असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन्ही रॅकेटमध्ये काळ्याच रंगाच्या तारा लावून मी मित्रांच्या हातात दिल्या, कुठली कोणती ते न सांगता. दहा मिनिटांच्या खेळात बऱ्याच जणांना फरक ओळखता आला नाही. मलाही कुणी न सांगता दिल्या असत्या तर आला असता का, शंका आहे. फरक दिसतो तो आठवड्यांनंतर, आणि तो आधी हाताला कळतो. म्हणून वहीचं महत्त्व.

अजून एक भौतिकशास्त्र. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्लांच्या जुन्या कामठीला दोरीही बांबूच्या सालीचीच असते. ती ताणली जात नाही, म्हणून वाकलेल्या काठीचं बळ वाया न जाता बाणाला मिळतं. टेनिसमध्ये उलटं आहे. इथे बळ वाया घालवतो तो चेंडू. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर टाकला तर १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळला पाहिजे. म्हणजे चेपल्यावर तो जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तारा मात्र घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देतात. तेव्हा चेंडूने कमी चेपावं आणि तारांनी जास्त ताणावं, यात आपला फायदा. मऊ तार, थोडा कमी ताण, की तेवढ्याच कष्टात चेंडू लांब जातो. "घट्ट ओढा, जोर येईल" असं दर आठवड्याला कुणीतरी मला सांगतं. घट्ट तारेने चेंडूवर ताबा येतो असं पुष्कळांना वाटतं, आणि ते मान्य. जोर मात्र येत नाही, उलट हाताला धक्का जास्त बसतो.

आता ज्यासाठी एवढं बोललो ते. टेनिस एल्बो हा शब्द आपल्या पिढीने सचिनमुळे ऐकला. २००४ मध्ये त्याचं कोपर दुखायला लागलं आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. मनगट मागे ओढणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथे हे दुखणं होतं. दूध पिशवीतून ओतताना, दाराची मूठ फिरवताना कळ येते. ताठ रॅकेट, ताठ तार, मेलेली तार आणि चुकीचा फटका, या सगळ्यांचा भार तिथे जातो.

माझ्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी रॅकेट घेऊन यायची. वर्षभर पूर्ण पॉलिएस्टर, कारण टीव्हीवरचे खेळाडू तेच वापरतात असं तिच्या वडिलांना कुणी सांगितलेलं. त्या खेळाडूंची तार दर सामन्याला बदलते. हिची चार महिने बदलली नव्हती, कारण तुटत नव्हती. तुटत नाही म्हणजे पैसे वसूल, हा आपला हिशेब. तिचं कोपर दुखायला लागलं आणि घरात खेळ सोडायची भाषा सुरू झाली. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती आणि व्यायाम दिला, त्यानेच ती बरी झाली असणार. मी एवढंच केलं की परत आल्यावर पूर्ण मल्टिफिलामेंट लावली, पाच पौंड कमी ताणाने. पुढे सहा महिन्यांनी तिला फिरकी हवी झाली तेव्हा फक्त आडव्या तारा पॉलिएस्टरच्या केल्या. ती अजून खेळते. जिल्ह्यांच्या स्पर्धेत हरते, जिंकते. तिने खेळ सोडला असता तर कुणालाच कळलं नसतं की त्यात तारेचाही काही हात होता. तारेकडे कुणी पाहतच नाही.

म्हणून पालक म्हणून बसलेल्यांना माझं सांगणं. जो मुलगा किंवा मुलगी तार तोडत नाही, त्याला पॉलिएस्टरची गरज नाही. तोडायला लागले, तर आधी हायब्रिड करा, उभ्या मऊ ठेवून. पॉलिएस्टर लावलंच तर तुटायची वाट पाहू नका, काही आठवड्यांनी कापून टाका. आपल्या वयाच्या मंडळींनीही हेच धरावं. आणि पाकीट विकत घेताना एक युक्ती. एका पाकिटात साधारण १२ मीटर तार असते, हायब्रिडला प्रत्येक जातीची निम्मीच लागते. तेव्हा दोघांनी मिळून एक महाग आणि एक स्वस्त पाकीट घेतलं तर दोन रॅकेट होतात. आमच्या क्लबात अशा जोड्या ठरलेल्या आहेत, काही जणांची तर मैत्रीच त्या पाकिटातून झाली.

नंदुरबारात टेनिस कोर्टं फारशी नाहीत, खेळ जास्त बॅडमिंटनचा, हे मला माहीत आहे. तत्त्व तिथेही चालतं. योनेक्स कंपनीची 'एअरोबाइट' ही तार हायब्रिडच आहे, उभी ०.६७ मिलिमीटर जाडीची आणि आडवी ०.६१. मोठ्या कंपन्या ज्यात पैसा घालतात ते आपली पोरं हाताने करून पाहू शकतात.

त्यासाठी शेवटची एक विनंती. काल शाळेच्या खेळाच्या खोलीत गेलो होतो. खुंटीला सात रॅकेट टांगलेल्या आहेत, त्यातल्या पाचांच्या तारा तुटलेल्या. रॅकेट चांगल्या आहेत. गटिंग कोण करणार म्हणून त्या तशाच लटकल्या आहेत. आपल्या तुकडीच्या निधीत जी रक्कम उरली आहे त्यातून वजनावर चालणारं साधं गटिंग मशीन येईल. त्याला वीज लागत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस येऊन दोन मुलं आणि दोन मुलींना ओवायला शिकवेन, सोबत माझ्याकडची उरलेली अर्धी अर्धी पाकिटं आणीन. त्यांच्या हातात वही देऊ, प्रत्येक रॅकेटची नोंद ते ठेवतील. सरांनी ती वही वर्षातून एकदा तपासावी, लाल शाईने. चुका निघतील याची मला खात्री आहे, आमच्याही निघायच्या.

निधीच्या बैठकीत हा विषय मांडावा एवढं बोलतो आणि थांबतो. ज्यांची कोपरं दुखत आहेत त्यांनी चहाच्या वेळी भेटावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.